साठा मोठा, आवक तोकडी: एका नौकेवरील बॅटऱ्या आणि सौर चार्जिंगचे प्रकरण

नौका आणि तक्रार

दहा मीटर लांबीची, शिडावर चालणारी ही नौका एका दांपत्याच्या मालकीची आहे. चार-पाच दिवसांच्या फेरीला निघायचे, त्यांतले बहुतेक दिवस आडोशाच्या जागी नांगर टाकून राहायचे, मग एका रात्रीसाठी धक्क्याला येऊन पाणी, डिझेल आणि किनाऱ्यावरची वीज घ्यायची आणि पुन्हा निघायचे, असा त्यांचा हंगामभराचा क्रम असतो. नौकेवर लहान डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला ६० अँपिअरचा अल्टरनेटर आहे. मूळ मांडणीत इंजिन सुरू करण्यासाठी ७५ अँपिअर-तासांची (एक अँपिअर करंट तासभर दिला की एक अँपिअर-तास) एक स्टार्टिंग बॅटरी आणि दिवे, फ्रिज, रेडिओ यांच्यासाठी १०० अँपिअर-तासांच्या दोन हाऊस बॅटऱ्या होत्या. सगळ्या १२ व्होल्टच्या, लेड-ॲसिड प्रकारच्या. या दोन गटांसाठी मिळून ‘एक’, ‘दोन’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’ अशा चार जागा असलेला एकच फिरता स्विच होता.

प्रकरणाला तोंड फुटले ते एका सकाळी इंजिन सुरू झाले नाही तेव्हा. चावी फिरवल्यावर स्टार्टरमधून फक्त ‘टक्’ असा आवाज आला आणि केबिनमधले दिवे मंदावले. आदल्या दिवशी इंजिन चालू असताना सगळ्याच बॅटऱ्या चार्ज व्हाव्यात म्हणून स्विच ‘दोन्ही’वर ठेवला होता आणि रात्री तो तसाच राहिला. फ्रिजने रात्रभरात हाऊस बॅटऱ्यांबरोबर स्टार्टिंग बॅटरीही उपसली होती. वारा हलका होता म्हणून शीड उभारून त्यांना बाहेर पडता आले, एवढेच सुदैव.

यावर मालकांनी स्वतःच उपाय केला. चार वर्षे वापरलेल्या दोन हाऊस बॅटऱ्यांच्या शेजारी १०० अँपिअर-तासांची तिसरी, नवी बॅटरी समांतर जोडली, केबिनच्या छतावर १०० वॅटची दोन सौर पॅनल बसवली आणि त्यांच्यासाठी, दर्शनी भागावर ‘एमपीपीटी’ (पॅनलांकडून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) असे छापलेला एक कंट्रोलर, म्हणजे पॅनलांवरून होणारे चार्जिंग सांभाळणारा डबा, आणला. सुरुवातीला फरक पडला. पूर्वी दोन दिवसांत संपणारा साठा चौथ्या दिवसापर्यंत पुरू लागला. मात्र हंगाम सरता सरता तो पुन्हा तिसऱ्या दिवशी संपू लागला आणि चौथी बॅटरी घ्यावी का, हे विचारण्यासाठी त्यांनी मला बोलावले. ‘बॅटरी नवी, पॅनल नवी, कंट्रोलर नवा, मग जुनं राहिलं काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

चौथी बॅटरी ठेवायला जागाही काढून ठेवलेली होती. तिचा निर्णय मोजमाप होईपर्यंत लांबणीवर टाकावा, एवढीच विनंती मी पहिल्या दिवशी केली.

खर्चाचा हिशेब

पहिले काम वहीचे होते. प्रत्येक उपकरण चालू-बंद करून क्लॅम्प मीटरने त्याचा करंट मोजला आणि दांपत्याने दोन दिवस, कोणते उपकरण किती वेळ चालले, याची नोंद ठेवली. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साडेचार अँपिअर घेत होता आणि चोवीस तासांतला सुमारे ४५ टक्के वेळ चालत होता. म्हणजे एकटा फ्रिज दिवसाला ४८ अँपिअर-तास खात होता. एलईडी दिव्यांना सहा, नांगरावर असताना रात्रभर लावायच्या दिव्याला दोन, रेडिओला चार, फोन आणि लॅपटॉप यांना दहा, तर पाण्याच्या पंपाला दीड-दोन अँपिअर-तास लागत होते. उरलेल्या सहा अँपिअर-तासांचा मालक शोधायला वेळ लागला. सगळे बंद केल्यावरही मीटर पाव अँपिअर दाखवत होता. म्युझिक सिस्टीमची मेमरी, गॅस सेन्सर आणि ‘बंद’ केलेला चार्टप्लॉटर (पडद्यावरचा सागरी नकाशा) मिळून तो घेत होते. पाव अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास चालतो.

एकूण बेरीज दिवसाला सुमारे ७८ अँपिअर-तास झाली. शीड लावून दिवसभर प्रवास असला, तर ऑटोपायलट आणि दिशादर्शक उपकरणे यांचे आणखी २७ त्यात मिळवावे लागत.

आवकेची बाजू याच्या निम्मीच होती. रोज तासभर इंजिन चालवले जाई. त्या तासात ६० अँपिअर-तास मिळतात, अशी मालकांची समजूत होती, कारण अल्टरनेटरवर तसे लिहिले आहे. प्रत्यक्षात सुरुवातीचा करंट ३६ अँपिअर होता आणि अर्ध्या तासात तो १५च्या खाली आला. अल्टरनेटरच्या टर्मिनलवर १४.२ व्होल्ट असताना, बारीक वायर आणि तो फिरता स्विच ओलांडून बॅटरीपर्यंत १३.७ व्होल्टच पोहोचत होते. लेड-ॲसिड बॅटरी जसजशी भरते तसतसा ती करंट कमी घेते, हा तिचा स्वभाव आहे. त्यात व्होल्टेज तोकडे पडले की ती आणखी हात आखडते. त्यामुळे तासाभरात जेमतेम वीस अँपिअर-तास जमा होत. पॅनलांकडून दिवसभरात आणखी अठरा. रोजची तूट चाळीसच्या घरात होती.

तिसऱ्या बॅटरीने काय साधले, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. तिने रोजची तूट एका अँपिअर-तासानेही कमी केली नाही. तूट भरून काढायला जादा शिल्लक दिली, इतकेच. ही शिल्लक दर फेरीनंतर एका रात्रीत परत भरायची होती आणि धक्क्यावरचा चार्जर होता १० अँपिअरचा. दहा तासांत तो जास्तीत जास्त १०० अँपिअर-तास देणार, तर बॅटऱ्यांना दीडशेहून अधिक हवे असत. म्हणजे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा थोड्या रिकाम्या साठ्याने सुरू होत होती. साठा वाढवल्यामुळे तो पूर्ण भरण्याची शक्यता उलट कमी झाली होती. चौथ्या बॅटरीने ती आणखी कमी झाली असती.

लेड-ॲसिड बॅटरीला हे मानवत नाही. डिस्चार्ज होताना तिच्या प्लेटांवर शिसाचे सल्फेट तयार होते आणि चार्ज होताना ते विरघळते. पण अर्धवट चार्ज स्थितीत बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. ती किती गेली हे पाहण्यासाठी धक्क्यावर तिन्ही बॅटऱ्या सुट्या करून, पूर्ण चार्ज करून, प्रत्येकीवर ५ अँपिअरचा स्थिर लोड ठेवला आणि व्होल्टेज १०.५पर्यंत उतरायला किती तास लागतात ते मोजले. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी वीस तास टिकायला हवी, कारण लेबलावरचा आकडा साधारणतः वीस तासांच्या डिस्चार्जवर दिलेला असतो. त्याहून जोरात उपसली तर ती कमी देते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवले आहे. जुन्या दोन बॅटऱ्या साडेबारा आणि चौदा तास टिकल्या, म्हणजे त्यांच्यात ६२ आणि ७० अँपिअर-तास उरले होते. नवी म्हणवली जाणारी, नऊ महिन्यांची तिसरी बॅटरी सतरा तासांच्या आत, ८४वर थांबली. (ही चाचणी बॅटरीला जड जाते, ती क्वचित करावी आणि संपताच बॅटरी लगेच चार्जला लावावी.)

तिसऱ्या बॅटरीची एवढी घसरण का झाली, याचे आणखी एक कारण जोडणीत सापडले. चार्जची आणि लोडची, अशा सगळ्या वायरी पहिल्या जुन्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आल्या होत्या आणि तिथून पुढे दुसरी आणि तिसरी बॅटरी छोट्या तुकड्यांनी एकामागे एक जोडलेली होती. इंजिन चालू करून प्रत्येक बॅटरीच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा ३६ अँपिअरपैकी पहिली बॅटरी १९, दुसरी ११ आणि तिसरी अवघे ६ अँपिअर घेत होती. मधल्या जोडवायरीचा एक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) उघडला, तर आतले तांबे हिरव्या भुकटीने माखलेले होते आणि इन्सुलेशन चिरत गेल्यावर वीतभर आतपर्यंत तार काळी पडलेली दिसली. खाऱ्या हवेत साध्या तांब्याच्या वायरीचे असेच होते. पाणी लगमधून शिरते आणि तारांच्या फटींतून आत चढत जाते. कल्हई केलेली तांब्याची वायर आणि लगवर गोंदासह आकसणारी नळी हा नौकेवरचा चोचला समजू नये.

छतावरचे चूक नव्हते

सौर बाजूची पाहणी ऐन दुपारी, निरभ्र आकाशात केली. कंट्रोलरच्या पडद्यावर ‘चार्जिंग’ आणि ५.३ अँपिअर असे दिसत होते आणि मालकांना ते समाधानकारक वाटत होते. दोन्ही पॅनल सिरीजमध्ये जोडलेली होती. उघड्या टोकांवर ४१ व्होल्ट मिळत होते, म्हणजे पॅनल ठणठणीत होती. मग कंट्रोलर चालू असताना, पॅनलांच्या वायरी त्यात जिथे शिरतात तिथेच मल्टिमीटर लावला. आकडा आला १३.९ व्होल्ट.

सारे प्रकरण या एका आकड्यात उलगडले. खरा एमपीपीटी कंट्रोलर पॅनलांना त्यांची वीज जिथे सर्वाधिक मिळते त्या व्होल्टेजवर, इथे ३०च्या आसपास, चालू देतो आणि मग ते व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मात्र झपाट्याने चालू-बंद होणारा स्विच; तो पॅनलांना सरळ बॅटरीशी जोडतो आणि पॅनलांचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खेचले जाते. डबीवर काहीही छापलेले असले, तरी चार्जिंगच्या भरात पॅनलचे आणि बॅटरीचे व्होल्टेज जवळजवळ सारखे असेल, तर आत एमपीपीटी नाही. ५.३ अँपिअर गुणिले १३.९ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट. दोनशे वॅटच्या पॅनलांकडून, तळपत्या उन्हात, ७४ वॅट. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट एका पॅनलचाच राहतो. ती बेरीज हा कंट्रोलर सरसकट टाकून देत होता, म्हणजे दुसरे पॅनल छतावर नुसते शोभेला होते.

सिरीजऐवजी समांतर जोडणी करावी, असा सल्ला मालकांना याआधी कोणीतरी दिला होता आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलरपुरता तो बरोबर होता. तरीही मी छतावरची जोडणी बदलली नाही, कारण सावली आणि उष्णता या दोन्ही गोष्टी इथे सिरीजच्या बाजूने होत्या. सकाळी मुख्य शिडाच्या बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली एका पॅनलवर आडवी पडते आणि दुपार टळल्यावर दुसऱ्यावर. सिलिकॉन पॅनलमध्ये सगळे सेल एका साखळीत असतात, त्यामुळे चार बोटे रुंद सावलीसुद्धा त्या साखळीचा करंट अडवते; तो वळसा घालून जावा म्हणून छत्तीस सेलांच्या पॅनलमध्ये बहुधा दोन बायपास डायोड असतात, अठरा-अठरा सेलांमागे एक. अर्ध्या भागावर सावली आली की डायोड तो भाग ओलांडतो आणि त्या पॅनलचे व्होल्टेज निम्मे, म्हणजे आठ-नऊ होते. समांतर जोडणीत आठ-नऊ व्होल्टचे पॅनल बॅटरीला काहीच देऊ शकत नाही. सिरीजमध्ये मात्र दुसऱ्या पॅनलचे पूर्ण व्होल्टेज आणि याचे निम्मे, अशी बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजच्या बरीच वर राहते आणि एमपीपीटी कंट्रोलर ती वापरू शकतो.

उष्णतेचा मुद्दा असा की सेल तापले की व्होल्टेज उतरते. स्फटिकी सिलिकॉनची शक्ती दर अंश सेल्सियसमागे साधारण ०.४ टक्क्याने घटते आणि छताला टेकवलेले पॅनल उन्हात सहज ६० अंशांच्या वर जाते. एकट्या पॅनलचे १८ व्होल्ट तापल्यावर १५-१६ होतात, तर बॅटरीला शेवटच्या टप्प्यात १४.४ हवे असतात. मध्ये वायरीतली घट धरली की कंट्रोलरला हालचालीला जागाच उरत नाही. सिरीजमध्ये ही अडचण येत नाही. वायरही बदलावी लागली नाही: छतापासून सहा मीटरची २.५ चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन बारा मीटर, तिचा रोध ०.०८४ ओहम, सुमारे ५ अँपिअरला तिच्यात ०.४ व्होल्टची घट होते, जी ३१ व्होल्टमध्ये नगण्य आहे. तेच समांतर जोडून दहा अँपिअर नेले असते, तर घट दुप्पट झाली असती आणि तीही निम्म्या व्होल्टेजमधून गेली असती. मालकांनी छतावर जे केले होते ते अजाणता का होईना योग्य होते. चुकला होता तो खालचा डबा.

डबा दोन प्रकारे चुकला होता. तो इंजिनाजवळच्या कप्प्यात, बॅटऱ्यांपासून चार मीटरवर होता आणि तिथपर्यंत तीच बारीक वायर नेलेली होती. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज वाचतो. ११ अँपिअर जाऊ लागले असते, तर या आठ मीटरच्या फेऱ्यात सहा दशांश व्होल्ट गळले असते: कंट्रोलरला १४.४ दिसले असते, बॅटरीला १३.८ मिळाले असते आणि बॅटरी भरत आली असे समजून त्याने हात आखडता घेतला असता. करंट ओसरला की ही घट ओसरते, हे खरे. पण उन्हाचे तास मोजकेच असतात आणि त्यांतले मधले दोन असे वाया घालवणे परवडत नाही. नवा, खरा एमपीपीटी कंट्रोलर बॅटऱ्यांपासून एक मीटरवर बसवला आणि ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, घट ०.०७ व्होल्टच्या आत आली. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज टाकला, जो आधी नव्हताच. पॅनलमध्ये शॉर्ट झाला तर फार काही होत नाही. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत झाला तर हजारांनी अँपिअर वाहू शकतात आणि फ्यूज त्या बाजूसाठी असतो.

जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनल, काढताना आधी पॅनल, हा क्रम कंट्रोलरशेजारी कागदावर लिहून चिकटवला. बॅटरी नसताना बहुतेक कंट्रोलरना व्होल्टेज सांभाळता येत नाही.

नव्या कंट्रोलरवर, तशाच निरभ्र दुपारी, पॅनलांच्या बाजूला ३१ व्होल्ट आणि ४.९ अँपिअर, तर बॅटरीच्या बाजूला ११.१ अँपिअर मोजले. पॅनल, वायर, छत, ऊन सारे तेच. आठवड्याची सरासरी सावलीसकट १८वरून ३१ अँपिअर-तासांवर गेली.

खर्च कमी करणे आणि तिसरे पॅनल

यानंतरही तूट संपली नव्हती. फ्रिजच्या झाकणात कागदाची पट्टी धरून झाकण बंद केले आणि पट्टी ओढली. ती विनासायास बाहेर आली, म्हणजे रबर थंडी धरत नव्हते. कॉम्प्रेसरची जाळी एका बंद कपाटात होती आणि ती स्वतःच तापवलेली हवा पुन्हा ओढत होती. रबर बदलले, कपाटाला खाली आणि वर झरोके पाडले, झाकणाला आतून तीन सेंटिमीटरचा फोम लावला. फ्रिजचा खर्च ४८वरून ३६वर आला. म्युझिक सिस्टीम आणि चार्टप्लॉटर यांना वेगळे स्विच दिल्यावर आणखी चार वाचले. अशा रीतीने ७८चे ६२ झाले. वाचवलेल्या या सोळा अँपिअर-तासांना ना पॅनल लागते ना बॅटरी, पण मालकांना यात सर्वांत कमी रस होता, हेही नोंदवतो. झाकणाच्या रबराचे कौतुक कोणाला सांगणार?

मागच्या बाजूच्या कमानीवर, जिथे बूमची सावली पोहोचत नाही, तिथे १७५ वॅटचे तिसरे पॅनल बसवले. त्याला वेगळा कंट्रोलर दिला. वेगळ्या क्षमतेचे आणि वेगळ्या सावलीतले पॅनल जुन्या जोडीत गुंफले असते, तर एकाने दुसऱ्याला मागे ओढले असते. दोन कंट्रोलर एकाच बॅटरी गटाला बिनदिक्कत चार्ज करू शकतात. दोघांची व्होल्टेज सेटिंग तंतोतंत सारखी ठेवायची, एवढे पथ्य पाळावे लागते. एकटे हे पॅनल स्वच्छ दिवशी ४२ ते ४४ अँपिअर-तास देते. छतावरच्या २०० वॅटपेक्षा ते जास्त आहे, आणि यावरून नौकेवर वॅटपेक्षा जागा किती मोलाची, ते दिसते.

बॅटऱ्या: तीनच्या दोन

आवक खर्चाच्या वर गेल्यावर बॅटऱ्यांकडे वळलो. मालकांचा कल लिथियमकडे होता. लिथियम-आयर्न-फॉस्फेटला माझा विरोध नाही. अर्धवट चार्ज राहिल्याने तिचे काही बिघडत नाही, तिच्या क्षमतेतला ८० टक्के आणि त्याहून अधिक भाग वापरता येतो, वजन कमी. पण तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तेवढे ती घेत राहते, आणि हळू फिरणारा साधा अल्टरनेटर अशाने जळतो. शिवाय तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) संरक्षणासाठी अचानक जोडणी तोडली, तर भर चार्जिंगमध्ये अल्टरनेटरचा लोड नाहीसा होऊन त्याचे डायोड उडू शकतात. म्हणजे डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरवरून घ्यायचा करंट मर्यादेत ठेवणारा), वेगळे फ्यूज, नव्याने वायरिंग, एवढे सारे ओघाने आले. लिथियमचा सर्वांत मोठा फायदा, अर्धवट चार्जची भीती नसणे, या नौकेला आता तितका लागतच नव्हता, कारण सौर आवक बॅटऱ्या जवळजवळ रोज पूर्ण भरू शकत होती. आणि रोज पूर्ण भरणारी लेड-ॲसिड बॅटरी, प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८५९ मधल्या शोधाची वंशज असली, तरी चांगली नांदते.

म्हणून एकाच बनावटीच्या, एकाच तारखेच्या, ११० अँपिअर-तासांच्या दोन एजीएम डीप-सायकल (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या, खोलवर उपसायला बनवलेल्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या घेतल्या. लेबलावर ३०० असलेला साठा २२०वर आला. निम्मा वापरायचा म्हटला तर ११० हाताशी. ढगाळ दिवशी पॅनलांनी नेहमीच्या चौथ्या हिश्श्याइतके दिले, तरी इंजिन न लावता अडीच दिवस निघतात. जोडणी तिरपी केली: सगळ्या धन वायरी एका बॅटरीवरून, सगळ्या ऋण वायरी दुसरीवरून, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांच्या वाट्याला वायरीची सारखीच लांबी येते. पहिल्या चार्जला क्लॅम्प मीटरने १७ आणि १८ अँपिअर दाखवले. कंट्रोलरचा तापमान सेन्सर बॅटरीला चिकटवला. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडसाठी चार्जिंगचे व्होल्टेज दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्टने बदलावे लागते आणि गरम केबिनमध्ये ही दुरुस्ती पाव व्होल्टवर जाते.

स्टार्टिंग बॅटरीची सोय

फिरता स्विच काढून टाकला. त्यात आणखी एक धोका होता: इंजिन चालू असताना तो चुकून ‘बंद’वर गेला, तर अल्टरनेटरचे डायोड जातात. आता अल्टरनेटरची वायर फ्यूजमधून सरळ हाऊस गटाला जाते, स्टार्टिंग आणि हाऊस यांना वेगवेगळे साधे स्विच आहेत आणि आणीबाणीत दोन्ही गट जोडायला तिसरा, झाकणाखाली. बिल्ज पंप आधी मुख्य स्विचच्या पुढे होता, म्हणजे नौका बंद करून मालक घरी गेले की तळातले पाणी उपसणारे कोणी नसे. तो स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवर घेतला.

दोन गटांमध्ये व्होल्टेज पाहून जुळणारा रिले घातला. हाऊस गट १३.३ व्होल्टच्या वर गेला की तो स्टार्टिंग बॅटरीला जोडतो आणि १२.८ला तोडतो. त्यामुळे सौर वीजही स्टार्टिंग बॅटरीपर्यंत पोहोचते. तिची गरज मुळात फार थोडी असते: १५० अँपिअरने तीन सेकंद स्टार्टर फिरला, तर एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा खर्च होतो. पहिल्या आठवड्यात हा रिले सकाळी सकाळी ‘टक-टक’ वाजत राहिला. कोवळ्या उन्हात व्होल्टेज १३.३वर जाई, रिले जोडे, तेवढ्यात फ्रिज सुरू होऊन ते खाली येई आणि रिले तोडे. जोडण्यापूर्वी काही काळ थांबणारा रिले बसवल्यावर आवाज थांबला.

माझी चूक

हाऊस गटाच्या ऋण टर्मिनलवर शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत घातलेला अगदी कमी रोधाचा तुकडा) बसवून आत-बाहेर होणारे अँपिअर-तास मोजणारा मीटर लावला होता. तीन दिवसांनी मालकांचा फोन आला: बॅटरी ३८ टक्क्यांवर आहे, पण इंजिन न लावताही सगळे नीट चालले आहे. दिवे बंद करून घेतलेले व्होल्टेज १२.७ होते, म्हणजे बॅटरी भरलेली. कमानीवरच्या पॅनलाच्या कंट्रोलरची ऋण वायर घाईत मी शंटच्या बॅटरीकडच्या बोल्टवर घट्ट केली होती. त्या पॅनलाची आवक मीटरला दिसतच नव्हती आणि खर्च मात्र सगळा दिसत होता. वायर शंटच्या दुसऱ्या बाजूला घेतली. शंटच्या बॅटरीकडच्या बोल्टवर बॅटरीशिवाय दुसरी एकही वायर नको, बिल्ज पंपाचीसुद्धा नाही, हे मला ठाऊक होते, तरीही झाले. तेव्हापासून तो बोल्ट मी लाल रंगाने रंगवतो.

हंगामाच्या नोंदी

नांगरावरच्या स्वच्छ दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बॅटऱ्या भरतात. या वेळी पॅनल दोन-तीन अँपिअरच देताना दिसतात आणि यावरूनही एकदा विचारणा झाली, ‘पॅनल पुन्हा बिघडलं का?’ फ्रिज आणि लॅपटॉप एकदम चालू करायला सांगितले. करंट लगेच नऊवर गेला. बॅटरीला नको होते म्हणून कंट्रोलर देत नव्हता.

दिवसभर प्रवास असतो तेव्हा खर्च ८९वर जातो आणि शिडाची सावली छतावरच्या पॅनलांना अर्धा दिवस झाकते, त्यामुळे पंचवीस-तीस अँपिअर-तासांची तूट येते. बंदरात शिरता-निघताना इंजिन चालते त्यात तिचा काही भाग भरतो, उरलेला दुसऱ्या दिवशी नांगरावर. केवळ चार्जिंगसाठी इंजिन लावण्याची वेळ संपूर्ण हंगामात दोनदा आली, दोन्ही वेळा सलग तीन दिवसांच्या पावसात. हंगाम संपल्यावर दोन्ही बॅटऱ्यांवर ५ अँपिअरची तीच चाचणी घेतली. एक २१ तास चालली, दुसरी २१ तास आणि काही मिनिटे. चौथ्या बॅटरीसाठी काढून ठेवलेल्या जागेत आता सुटे फ्यूज, लग आणि क्रिंपिंगचे हत्यार यांचा डबा आहे.